जन्ममृत्यूंची घरोघर पाहणी आणि तिची पारख

"तुम्हांला मुले किती?" असे कोणी विचारले म्हणजे माझी आई "चार" असे उत्तर देत असे, आणि आम्हां भावंडांसही तेच ठाऊक होते. ती देवाघरी गेल्यावर काही वर्षांनी एका दाखल्याच्या कामासाठी मला आमच्या गावच्या मंडळीची बाप्तिस्म्याची जुनी वही चाळावी लागली. तीत आम्हां चौघांपैकी तिघांचीच नावे सापडली. कारण थोरल्या भावाचा जन्म आजोळी झाला व त्याचा बाप्तिस्माही तिकडच्याच मंडळीत झाला होता. परंतु त्या तीन नावांच्या मध्ये त्याच आईबापांच्या नावावर आणखी एका मुलाची नोंद होती, आणि दफनाच्या वहीत अकरा महिन्यांनंतरच्या एका तारखेस तेच नाव पुन्हा आढळले. घरी येऊन मावशीस विचारले. ती क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, "तो होताच रे, पण त्याच्याही आधी एक मुलगी झाली होती. दुसऱ्या दिवशीच गेली. तिला नाव ठेवायलाही वेळ मिळाला नाही." म्हणजे आम्ही चार नव्हे, सहा होतो.

आई खोटे बोलत होती काय? मुळीच नाही. विचारणाऱ्याने "मुले किती" असे विचारले, आणि जी हयात होती ती तिने सांगितली. वहीही खोटी नव्हती. जे मूल तिच्यापर्यंत पोहोचले ते तिने लिहून ठेविले. दोन्ही साक्षी खऱ्या, परंतु दोन्ही अपुऱ्या. आणि एक जीव तर असा की, तो कोणत्याच साक्षीत नव्हता. जी गोष्ट आमच्या एका घरात घडली, तीच लक्षावधी घरांतून घडते, व तिच्यामुळे सबंध राष्ट्राचा हिशेब चुकतो. हा हिशेब कसा घेतात, तो कोठे चुकतो, आणि ती चूक ओळखून दुरुस्त कशी करतात, हे विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्या देशांत प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू सरकारी नोंदवहीत न चुकता लिहिला जातो, तेथे वर्षअखेरीस वहीची बेरीज केली की काम भागते. परंतु आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतील पुष्कळ विकसनशील देशांत नोंदवह्या दीर्घकाळ अपुऱ्या राहिल्या, व कित्येक ठिकाणी त्या अद्यापि अपुऱ्याच आहेत. आपल्याकडे गावोगावी कोतवाल बुक होते खरे. पण गावाबाहेरच्या वस्तीवर रात्री जन्मून पहाटे मेलेल्या बालकाची वार्ता त्या बुकापर्यंत पोहोचेलच, असा भरवसा कोणी द्यावा? अशा देशांत काही गावे व वस्त्या नमुन्यादाखल निवडतात, प्रगणक घरोघर पाठवितात, आणि दारात उभे राहून विचारतात : या घरात गेल्या बारा महिन्यांत कोणी जन्मले काय? कोणी वारले काय? मिळालेल्या उत्तरांवरून देशाचे जन्माचे व मृत्यूचे प्रमाण काढतात. मग प्रश्न उभा राहतो तो हा की, या उत्तरांवर विश्वास कितपत ठेवावा?

उत्तरांत पहिला दोष भीतीचा. पवित्र शास्त्र वाचणारांस ठाऊकच आहे की, दावीद राजाने लढवय्ये मोजले व औगुस्त कैसराने नावनिशी लिहविली, ती प्रजेच्या दुःखांची यादी करावी म्हणून नव्हे. लोकांस अद्यापि वाटते की, सरकारी मनुष्य दारात आला म्हणजे काही तरी घेण्यासाठीच आला असावा. दुसरा दोष विसराचा, किंवा खरे म्हणजे मौनाचा. गेलेल्या लेकराचे नाव परक्यासमोर काढणे कोणत्या आईस आवडेल? पुष्कळ वेळा तर प्रश्नाचे उत्तर आई देतच नाही. पडवीत बसलेला सासरा किंवा दीर देतो, आणि त्यास घरातील शेळ्यांची संख्या जितकी नक्की ठाऊक असते तितकी सुनेच्या बाळंतपणांची नसते.

तिसरा दोष काळाचा. 'गेल्या बारा महिन्यांत' हे शब्द कागदावर सोपे दिसतात. पण खेड्यातील मनुष्य काळ मोजतो तो पोळा, दिवाळी, नाताळ, ऊसतोडणी यांवरून. त्यामुळे चौदा महिन्यांपूर्वीचा मृत्यू 'यंदाचा' म्हणून सांगितला जातो, आणि दहा महिन्यांपूर्वीचा 'गेल्या सालचा' म्हणून गळतो. चौथा दोष सर्वांत खेदजनक आहे. एखादी एकटी राहणारी विधवा वारली, तर तिच्या घराचे दार बंद होते. कर्ता पुरुष गेला, तर बायको मुलांसह माहेरी निघून जाते. प्रगणक येतो तेव्हा तेथे घरच उरलेले नसते, मग मृत्यू सांगणार कोण? घरोघर विचारण्याच्या पद्धतीत जे घर मरणाने मोडले, तेच नेमके मोजणीतून सुटते. पाचवा दोष प्रगणकाचा स्वतःचा. आफ्रिकेतील कित्येक पाहण्यांत असे आढळले की, पाच वर्षांच्या आतील प्रत्येक मुलाविषयी लस, आजार, आहार असे लांबलचक प्रश्न विचारावयाचे असल्यामुळे, थकलेला प्रगणक साडेचार वर्षांच्या मुलास सहजच सहाव्या वर्षात ढकलतो व आपले श्रम वाचवितो.

आता पारख कशी करावयाची ते पाहू. पहिली पारख कागदांच्या पोटातच असते. लोक वय सांगताना ३०, ३५, ४० असे शून्यावर किंवा पाचावर संपणारे आकडे पसंत करतात. तेव्हा एकूण लोकांपैकी अशा वयांचे किती, हे मोजले की, उत्तरे विचारपूर्वक दिली आहेत की अंदाजाने, ते कळते. तीच गोष्ट बालकांच्या मरणाच्या वयाची. अकरा किंवा तेरा महिन्यांचे होऊन गेलेले मूल 'वर्षाचे होऊन गेले' असे सांगतात. बारा महिन्यांच्या आकड्याशी मृत्यूंचा ढीग दिसला म्हणजे समजावे की, त्यातील काही पहिल्या वर्षातच झालेले आहेत, आणि अर्भकमृत्यूचे प्रमाण खऱ्याहून कमी निघाले आहे. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात दगावतात. एखाद्या पाहणीत हा वाटा फार कमी दिसला, तर एकदोन दिवसांचे होऊन गेलेले जीव सांगितलेच गेले नाहीत, अशी शंका घ्यावी. निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. मुलगे याहून पुष्कळच अधिक दिसले, तर एक तर मुलींचे जन्म सांगितले नाहीत, नाही तर त्यांस जन्मूच दिले नाही. यांपैकी काय खरे, ते पुढे जाऊन शोधावे लागते. आणि वर्षवार जन्मांचा तक्ता मांडला असता पाचव्या वर्षात खड्डा व सहाव्यात उंचवटा दिसला, तर वर सांगितलेला दमलेला प्रगणक तेथे सापडलाच म्हणून समजावे.

परंतु ही पारख दोष आहे एवढेच सांगते. जे सुटले त्यांची संख्या सांगत नाही. ती काढण्याची एक सुंदर रीत आपल्याच देशातील कामातून निघाली. बंगालमध्ये हुगळी जिल्ह्यात सिंगूर येथे एक आरोग्यकेंद्र होते. कलकत्त्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेच्या लोकांनी १९४७ साली त्या भागात घरोघर जाऊन १९४५ व १९४६ या दोन वर्षांतील जन्ममृत्यू विचारले, व ती यादी सरकारी नोंदवहीशी नावनिशीवार ताडून पाहिली. कोणतीही एक यादी पूर्ण नव्हती. या सामग्रीवरून सी. चंद्रशेखरन व अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ साली एक निबंध प्रसिद्ध केला, आणि तो पुढे जगभर मार्गदर्शक ठरला. हेच चंद्रशेखरन पुढे मुंबईच्या लोकसंख्याविषयक शिक्षण व संशोधन केंद्राचे संचालक झाले. १९५६ साली स्थापन झालेले ते केंद्र आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या नावाने देवनार येथे आहे.

ती रीत त्रैराशिक येणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्यास समजेल. समजा, काही गावांत मिळून सरकारी वहीत २०० जन्म लिहिलेले आहेत, घरोघरच्या पाहणीत २४० सापडले, आणि १६० जन्म दोन्ही याद्यांत आहेत. म्हणजे केवळ वहीत ४०, केवळ पाहणीत ८०, व दोन्ही याद्या मिळून वेगवेगळे २८० जन्म झाले. पण जे दोहोंतूनही सुटले ते किती? आता असे पाहा : पाहणीने शोधलेल्या २४० पैकी वहीला १६०, म्हणजे दोन तृतीयांश, ठाऊक होते. तर वहीला एकंदर जन्मांपैकीही दोन तृतीयांशच ठाऊक असावेत. वहीत आहेत २००. मग २०० हे कशाचे दोन तृतीयांश? ३०० चे. म्हणजे २० जन्म कोणासही दिसले नाहीत, आणि तरीही ते मोजले गेले! केवळ वहीतले ४० आणि केवळ पाहणीतले ८० यांचा गुणाकार करून त्यास १६० ने भागिले तरी तेच २० येतात. माझ्या मावशीने सांगितलेली ती बिननावाची मुलगी याच वीसांत मोडते. एका घरापुरते हे गणित चालत नाही. त्यास मोठी संख्या लागते.

मात्र गणित सोपे असले तरी त्याच्या अटी कडक आहेत, व पाहणीची खरी परीक्षा येथेच होते. पहिली अट अशी की, दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असाव्या. समजा, प्रगणकाने श्रम वाचविण्याकरिता वही मागून घेतली आणि तीतील राहिलेले ४० आपल्या यादीत उतरून घेतले. आता त्याच्याजवळ २८० झाले, व दोन्हींत समान २००. त्रैराशिक मांडा : एकूण उत्तर २८० येते, आणि वही तर सोळा आणे पूर्ण दिसू लागते! सुटलेले २० जीव पुसले गेले, आणि वर अप्रामाणिकपणास प्रशस्तिपत्र मिळाले. परीक्षेत शेजाऱ्याचे पाहून लिहिणाऱ्या मुलांनी या उदाहरणाचा विचार करावा. दोघांची उत्तरे जुळली म्हणून ती बरोबर ठरत नाहीत.

दुसरी अट जुळणीची. एकच बालक वहीत 'भालचंद्र' व घरी 'बाळू' असेल, किंवा त्यास अद्याप नावच नसेल, तर जुळणी करणारा त्यास दोन निरनिराळी बालके समजेल. अशी दहा नावे जुळली नाहीत, तर समान संख्या १६० ऐवजी १५० होते, आणि एकूण उत्तर ३०० ऐवजी ३२० येते. म्हणजे याद्यांची नक्कल केल्याने संख्या घटते आणि हयगयीने जुळविल्याने ती फुगते. तिसरी अट अशी की, एका यादीतून सुटणाराच दुसरीतूनही सुटू नये. प्रत्यक्षात मात्र दूरच्या पाड्यावरचा व जन्मतःच गेलेला जीव दोन्हींकडून सुटण्याचा संभव अधिक असतो. तेव्हा खरी उणीव २० पेक्षाही मोठी असावी. म्हणून उपर्युक्त दोघा विद्वानांनी असे सुचविले की, लोकांचे लहान लहान गट करावे, प्रत्येक गटाचे गणित निराळे करावे, व शेवटी बेरीज घ्यावी.

ही दोन याद्यांची कल्पना १९६० नंतरच्या दशकात पाकिस्तान, थायलंड, तुर्कस्तान वगैरे देशांनी उचलली. आपल्या देशात १९६४-६५ मध्ये नमुना नोंदणी पद्धतीचा प्रारंभिक प्रयोग झाला व १९६९-७० पासून ती पूर्णपणे चालू झाली. निवडलेल्या प्रत्येक गावात तेथेच राहणारा एक अर्धवेळ प्रगणक, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडीसेविका, घडणारे जन्ममृत्यू वेळच्या वेळी टिपून ठेवितो. दर सहा महिन्यांनी दुसरा अधिकारी स्वतंत्रपणे घरोघर फिरून आपली यादी करितो. मग दोन्ही याद्या ताडतात, आणि ज्या नोंदी जुळत नाहीत त्यांकरिता पुन्हा त्या घरी जाऊन खरेखोटे करतात. येथे सूत्रापेक्षा पायांवर अधिक भिस्त ठेविली आहे. या पद्धतीचीही परीक्षा घेण्यात आली. १९८५ सालच्या तपासणीत जन्म शेकडा सुमारे २ व मृत्यू शेकडा सुमारे अडीच सुटत असल्याचे दिसले. या नोंदींवरूनच आपणांस कळते की, भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालके १९७१ साली १२९ होती व २०२० साली २८ होती.

जेथे दोन याद्या करण्याचे सामर्थ्य नाही तेथे काय करावे? विल्यम ब्रास नावाच्या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेत काम करीत असता यावर विचार केला. त्याने तारखांचा व वयांचा नाद सोडून मातांस साधे प्रश्न विचारण्याची रीत बसविली : तुम्हांला एकंदर मुले किती झाली? तुमच्याजवळ राहतात किती? अन्यत्र राहतात किती? आणि झाली पण जगली नाहीत अशी किती? वीस ते चोवीस वर्षांच्या मातांची किती मुले गेली यावरून दोन वर्षांच्या आतील मृत्यूंचा, आणि तीस ते चौतीस वर्षांच्या मातांवरून पाच वर्षांच्या आतील मृत्यूंचा अंदाज निघतो. माझ्या आईस कोणी चौथा प्रश्न विचारला असता, तर ती बहुधा खरे सांगती. या रीतीतही उणीव आहेच. उत्तर देण्यास आई हयात असावी लागते. बाळंतपणात आई गेली, तर तिचे व पुष्कळदा तिच्या बाळाचेही मरण सांगणारे कोणी राहत नाही. यासाठी १९८९ साली ब्रास व त्याच्या सहकाऱ्यांनी दुसरी युक्ती प्रसिद्ध केली : प्रौढ स्त्रीपुरुषांस त्यांच्या सख्ख्या बहिणींविषयी विचारावे, किती होत्या, किती वारल्या, आणि त्यांपैकी गरोदरपणात किंवा बाळंतपणात किती. आई मुकी झाली तर मावशीस विचारावे, हेच या युक्तीचे मर्म होय.

एका पाहणीची दुसरीशी तुलना करणे हीही एक पारख आहे. पण तीत उतावीळपणा करू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी ३५ निघाले, आणि नमुना नोंदणीत २०२० साली २८. मग एक खोटे असलेच पाहिजे काय? तसे नव्हे. पहिला आकडा पाहणीपूर्वीच्या पाच वर्षांचा आहे, दुसरा एका वर्षाचा. आणि प्रमाण वर्षानुवर्षे उतरत असल्यामुळे मागील वर्षांचा आकडा मोठा असावयाचाच. सारा फरक याने उलगडत नसेल. पण आकड्यांचे भांडण लावण्यापूर्वी ते एकाच काळाविषयी बोलतात काय, हे पाहणे न्यायाचे आहे. सर्वांत खात्रीची पारख म्हणजे, जेथे खरे उत्तर आधीच लिहिलेले आहे तेथे नवी पद्धती लावून पाहणे. बांगलादेशातील मतलब या भागात १९६६ पासून घरोघरचे जन्ममृत्यू सातत्याने टिपलेले आहेत. तेथील मातांस पाहणीचे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे जुन्या नोंदींशी ताडून पाहण्यात आली आहेत.

कोणी म्हणेल, गेलेले जीव अचूक मोजल्याने परत येतात काय? येत नाहीत, परंतु पुढचे वाचतात. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातील स्त्रियांस शिकवून नवजात बालकांची घरीच शुश्रूषा करविली. त्याचे फळ काय मिळाले, हे सांगण्यास आधी त्या गावांतील प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू प्रामाणिकपणे टिपणे भाग होते. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले की, ज्या गावांत असे काम नव्हते त्यांच्या तुलनेने नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने कमी झाले. पुढे २००१ साली 'कोवळी पानगळ' या नावाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंचा जो अहवाल निघाला, त्याचेही मुख्य म्हणणे हेच होते की, सरकारी दप्तरात दिसतात त्यांहून फार अधिक बालके प्रत्यक्षात दगावत आहेत. जो मृत्यू दप्तरात नाही, त्याच्यासाठी औषध मागविले जात नाही, परिचारिका नेमली जात नाही, रस्ता बांधला जात नाही. मोजणीतून सुटणे म्हणजे दयेतूनही सुटणे होय.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या शिक्षक, परिचारिका किंवा प्रगणक व्हाल व कागद घेऊन कोणाच्या तरी दारात उभे राहाल. तेव्हा मुले किती, एवढेच विचारून परत फिरू नका. थोडे बसा, पाणी मागा, घरातील स्त्रीशीच बोला, आणि गेलेल्यांविषयी हळुवारपणे विचारा. कोरी जागा दिसली तर ती मनाने भरू नका. पालकांसही एक विनंती : घरात जन्म किंवा मृत्यू झाला, तर कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करा, आणि बाळ एकच दिवस जगले असले तरी त्याच्या जन्माची व मृत्यूची, अशा दोन्ही नोंदी करा. शंभर मेंढरांपैकी नव्याण्णव कळपात असता जो मेंढपाळ हरवलेल्या एकाकरिता रानात गेला, त्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. तो एकासाठी जाऊ शकला, याचे एक कारण असे की, त्याने आपली मेंढरे मोजली होती.